पाहुण्याची वीट आणि गवंड्याची थापी



घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, असें आपले वाडवडील म्हणत आले. ज्यानें जन्मांत एकदां तरी चार भिंती उभ्या केल्या आहेत त्याला या म्हणीचा अर्थ उलगडून सांगायला नको. जोत्याच्या दगडापासून आढ्याच्या कौलापर्यंत घर माणसाचें रक्त आटवतें. पूर्वीं सावकाराचें आणि आतां पतपेढीचें दार दाखवतें. घरधनिणीला गळ्यांतले चार मणी मोडायला लावतें. असें हें घर आठ दिवसांत, हंसतखेळत, गाणीं म्हणत आणि फोटो काढत बांधून देणारे पाहुणे जगांत फिरत आहेत, असें कोणी सांगितलें तर तुम्हांस खरें वाटेल काय? पण तें खरें आहे. त्या पाहुण्यांचा आणि त्यांच्या पुण्याचा हिशेब आज तुमच्यापुढें मांडायचा आहे. मी खेड्यांतला शाळामास्तर, त्यामुळें कोणी आंकडा सांगितला कीं त्याचा पडताळा पाहण्याची मला खोड. आणि मी गवंड्याच्या पोटचा, त्यामुळें भिंत दिसली कीं डोळा आधीं ओळंब्याला जातो. या दोन खोडींनीं हा लेख लिहविला आहे. ज्यांना तो झोंबेल त्यांनीं दोष त्या खोडींना द्यावा.

प्रथम प्रकार काय आहे तो पाहूं. अमेरिकेंत उन्हाळ्याची सुटी लागली कीं गांवोगांवच्या चर्चमधून दहा-दहा, वीस-वीस जणांचे जथे निघतात. त्यांत शाळा-कॉलेजांतलीं मुलें असतात, त्यांचे आईबाप असतात, एखादा पाद्री असतो. याला तिकडे मिशनची सफर म्हणतात. हे जथे मेक्सिकोंत तिहुआना शहराच्या कडेच्या वस्त्यांत जातात, ग्वातेमाला, होंडुरास, हैती या देशांत जातात, आफ्रिकेंतहि जातात. आठ-दहा दिवस राहतात. एखाद्या गरीब कुटुंबासाठीं एकदोन खोल्यांचें साधें घर उभें करतात. शेवटच्या दिवशीं प्रार्थना होते, किल्ली घरधनिणीच्या हातीं दिली जाते, तीहि रडते, हेहि रडतात, आणि दुसऱ्या दिवशीं विमान यांना घेऊन परत जातें. पूर्वींचा मिशनरी यायचा तो हाडें याच मातींत पडायचीं अशा तयारीनें यायचा. लोकांची भाषा शिकायचा, लोकांच्याच तापानें मरायचा. हल्लींचा हा आठ दिवसांचा मिशनरी परतीचें तिकीट खिशांत घालून येतो.

हे सगळे ढोंगी आहेत असें मी म्हणत नाहीं. त्यांतल्या पुष्कळांनीं सुटीची मौज सोडलेली असते, उन्हांत हात सोलून घेतलेले असतात. त्यांच्या धर्माशींहि माझें भांडण नाहीं. या प्रकारावर बोट ठेवणारे मोठमोठे लोक त्यांच्याच धर्माचे आहेत, हें पुढें दिसेलच. माझें भांडण एका हिशेबाशीं आहे. तो हिशेब असा.

१९९८ च्या ऑक्टोबरअखेर मिच नांवाचें चक्रीवादळ मध्य अमेरिकेवर येऊन बसलें. होंडुरास देशांत डोंगर खचले, नद्यांनीं वस्त्या पोटांत घेतल्या, हजारों माणसें मेलीं आणि त्याच्या कितीतरी पट उघड्यावर पडलीं. मग उत्तर अमेरिकेंतून घरें बांधणाऱ्यांचे जथ्यांवर जथे तिकडे लोटले. अमेरिकेंतल्या कॅल्व्हिन कॉलेजचे कर्ट व्हर बीक नांवाचे एक अध्यापक होंडुरासांतच राहत होते. स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती. त्यांना शंका आली ती कोणाहि शहाण्या माणसाला यावी अशीच होती. त्यांनीं पाहुण्यांनीं बांधलेल्या घरांतलीं कुटुंबें पाहिलीं, आणि तेथल्याच ख्रिस्ती संस्थांनीं तेथल्याच माणसांकडून बांधून घेतलेल्या घरांतलीं कुटुंबेंहि पाहिलीं. दोघांना सारखेच प्रश्न विचारले. २००६ सालीं त्यांचा निष्कर्ष छापून आला. पाहुण्यांच्या हातच्या घरानें कुटुंबाचें अधिक भलें झालें, अधिक सुख लाभलें, असा फरक त्यांना आढळला नाहीं. फरक आढळला तो खर्चांत. तेथल्या संस्थेला एक घर सुमारें २,००० डॉलरांत पडे. पाहुण्यांचा जथा येऊन तसेंच घर बांधून जाई, तेव्हां विमानभाडें, राहणें, खाणें धरून सुमारें ३०,००० डॉलर खर्ची पडत.

आपण चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणून हंसतो. ही म्हण येथें तोकडी पडते. दोन हजारांच्या घराला अठ्ठावीस हजारांचा मसाला, म्हणजे चार आण्यांच्या कोंबडीला साडेतीन रुपयांचा मसाला झाला! माझ्या चौथीच्या वर्गाला मीं हें गणित घातलें: तीस हजारांत दोन हजारांचीं घरें किती? पोरांनीं पाटीवर पंधरा लिहिलें. मग एक पोरगी उठून म्हणाली, “गुरुजी, मग बाकीचीं चौदा घरें कुठं गेलीं?” बंधूंनो, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. तीं चौदा घरें आकाशांतून उडून गेलीं, असेंच म्हणावें लागेल. कारण तीं विमानाच्या तिकिटांत गेलीं.

आतां कोणी म्हणेल, “मास्तर, तुमचें गणित बरोबर, पण माणसाचें मन गणितानें चालत नाहीं. पाहुणे आलेच नसते तर तो पैसाहि आला नसता. घरीं बसून कोण तीस हजार पाठवतो?” हा आक्षेप खरा आहे, आणि जोराचाहि आहे. पण त्याचा अर्थ काय झाला तो तरी पाहा. अर्थ असा झाला कीं, माणूस दुसऱ्याच्या भिंतीसाठीं कनवटीला हात घालत नाहीं, तो स्वतःच्या प्रवासासाठीं घालतो. असें असेल तर त्याला प्रवास म्हणा. पंढरीच्या वाटेवर निघालेला वारकरी विठोबावर उपकार करायला चाललों असें म्हणत नाहीं. स्वतःच्या जीवाच्या भल्यासाठीं चाललों असें तोंडानें सांगतो. तितका खरेपणा या पाहुण्यांनीं ठेवावा, एवढेंच मागणें आहे. प्रवासाला जावें, देश पाहावा, आपण कोठें आणि जग कोठें याची लाज वाटली तर वाटून घ्यावी. पण त्या प्रवासाची पावती गरिबाच्या नांवानें फाडूं नये.

दुसरा म्हणेल, “या सफरीनें पाहुण्यांचें मन पालटतें, पुढें जन्मभर ते गरिबाला हात देतात.” हेंहि व्हर बीक यांनीं तपासलें. परत आलेल्यांना विचारलें तर पुष्कळ जण म्हणाले, आमचें जीवन बदललें, आमचा दानधर्म वाढला. पण देणगीच्या वह्या उघडून पाहिल्या तेव्हां त्यांत तसा मोठा फरक दिसला नाहीं. तोंडाचा जमाखर्च आणि वहीचा जमाखर्च कोठेंच जुळत नसतो. आपल्या गांवांतहि जुळत नाहीं, अमेरिकेंतहि जुळत नाहीं.

ही ओरड आजची नव्हे. १९६८ सालीं मेक्सिकोंत राहणारे कॅथलिक धर्मगुरु इव्हान इलिच यांच्यापुढें मेक्सिकोच्या खेड्यांत सेवेला जाणारे अमेरिकन विद्यार्थी जमले होते. धर्मगुरूनें आशीर्वाद द्यावा अशी त्यांची अपेक्षा. इलिच यांनीं त्यांना तोंडावर सांगितलें कीं, तुम्ही पाहायला या, शिकायला या, डोंगर चढायला या, पण आमच्यावर उपकार करायला येऊं नका. ज्यांची भाषा तुम्हांला येत नाहीं, त्यांचें तुमच्याविषयीं काय मत आहे तेंहि तुम्हांला कळायचें नाहीं. इतकें परखड बोलायला छाती लागते, आणि ती आपल्याच माणसांपुढें लागते.

आतां पैशाचा हिशेब बाजूस ठेवूं आणि भिंतीकडे वळूं. कारण माझें खरें दुखणें तेथें आहे.

२०१४ सालीं एका अमेरिकन तरुणीनें स्वतःवर घडलेली गोष्ट प्रामाणिकपणें लिहून प्रसिद्ध केली. शाळेंत असतां ती मैत्रिणींबरोबर टांझानियांत एका अनाथाश्रमासाठीं पुस्तकालय बांधायला गेली होती. दिवसभर या मुली विटा रचीत. रात्र झाली कीं तेथलीं माणसें येत, मुलींनीं रचलेल्या कच्च्या भिंती उतरवीत आणि त्याच विटा नीट रचून ठेवीत, कीं सकाळीं पोरींना कांहीं कळूं नये. मीं हें वाचलें आणि पुस्तक मिटून बसलों, कारण हीच गोष्ट मीं माझ्या डोळ्यांनीं पाहिली होती.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या गांवीं एका विधवा बाईचें घर बांधायला शहरांतून एक जथा आला. त्यांत दोन-चार परदेशी पाहुणेहि होते. मंडळी मनानें चांगली, हंसरी. पण वीट रचण्यापूर्वीं पाण्यांत भिजवावी लागते, नाहीं तर ती कालवलेल्या मालांतलें पाणी पिऊन टाकते आणि भिंत सुकल्यावर भुसभुशीत राहते, हें त्यांना कोण सांगणार? खालच्या थराच्या सांध्यावर वरच्या थराची अख्खी वीट बसली पाहिजे, सांध्यावर सांधा आला तर भिंत उभी चिरते, हें त्यांच्या कोणत्या पुस्तकांत? आमच्या गांवचा म्हातारा गवंडी चार दिवस लिंबाखालीं उभा राहून पाहत होता. एकदां तो पुढें झाला, तेव्हां पाहुण्यांच्या पुढाऱ्यानें त्याला हंसून चहा दिला आणि परत सावलींत बसविलें. आपल्याला काम दाखवायला आला आहे हें त्या पुढाऱ्याच्या ध्यानांतच आलें नाहीं. त्याला वाटलें, गांवचा एक म्हातारा मौज पाहायला आला आहे!

त्या दिवशीं दिवेलागणीला तो माझ्या दारीं आला. म्हणाला, “गुरुजी, बॅटरी घेऊन चला जरा.” मीं बॅटरी धरली. त्यानें ओळंबा सोडला. भिंत पोट काढून उभी होती. एक शब्द न बोलतां त्यानें वरचे चार थर उतरविले, विटा पिंपांत बुडविल्या, माल नव्यानें कालविला आणि मध्यरात्रीपर्यंत थर पुन्हां चढविले. मीं विचारलें, “मिस्त्री, उद्यां सांगून टाकूं कां त्यांना?” तो म्हणाला, “नको गुरुजी. पाहुण्यांचा हिरमोड नको, आणि बाईच्या डोक्यावर भिंत नको.”

असें चार रात्रीं चाललें. त्या आठवड्यांत शेजारच्या गांवचें काम त्याच्या हातचें गेलें. शेवटच्या दिवशीं नारळ फुटला, भाषणें झालीं, भिंतीवर संगमरवरी पाटी बसली. पाटीवर अठरा नांवें होतीं. ज्याच्या हातानें ती भिंत आजहि उभी आहे त्याचें नांव तीत नव्हतें. पाटी सरळ बसवून देण्यासाठीं मात्र त्यालाच हांक मारण्यांत आली.

बंधूंनो, हा म्हातारा अडाणी होता काय? त्याला तीन पिढ्यांची विद्या होती. पण आपल्याकडे विद्या म्हणजे कागदावर असते ती. हातांत असते तिला आपण मजुरी म्हणतों. आणि मजुरीचें मोल असें कीं जो येईल त्यानें ती आठ दिवसांत करून दाखवावी! कोणी दयाळू माणूस सुटींत आठ दिवस डॉक्टर होऊन खेड्यांत शस्त्रक्रिया करायला येत नाहीं. कोणी आठ दिवस वकील होऊन कोर्टांत उभा राहत नाहीं. उभा राहिला तर त्याला कायदा पकडील. मग गवंडी तेवढा कोणींहि व्हावें, असें कां? कारण पांढरपेशाच्या मनांत, मग तो न्यूयॉर्कचा असो वा पुण्याचा, ही समजूत खोल बसली आहे कीं, हातानें करायचें काम शिकावें लागत नाहीं. फक्त अस्तन्या सारल्या कीं तें येतें. या समजुतीवर माझा राग आहे. पाहुण्यावर नाहीं.

आतां न्यायाची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. नाहीं तर मीहि एकतर्फी वकील ठरेन. दुसऱ्याच्या घराला हात लावण्याच्या या चळवळीचें एक मोठें मूळ शोधीत गेलें तर तें तुमच्याआमच्या ओळखीच्या मातींत सांपडतें. अमेरिकेच्या दक्षिणेंत जॉर्जिया प्रांतांत अमेरिकस नांवाच्या गांवाजवळ १९४२ सालीं क्लॅरेन्स जॉर्डन या शेतकी शिकलेल्या धर्मोपदेशकानें कॉइनोनिया नांवाचें एक शेत काढलें. तेथें गोरे आणि काळे एका बांधावर राबत आणि एका पंगतीला बसत. एवढाच त्यांचा अपराध! पण ज्या मुलखांत काळ्याला वेगळा नळ आणि वेगळें दार, तेथें तो अपराध थोडा नव्हता. १९५६ पासून गांवच्या व्यापाऱ्यांनीं या शेताला वाळींत टाकलें. खत मिळेना, बीं मिळेना, माल कोणी घेईना. रस्त्याकडेचें त्यांचें दुकान सुरुंगानें उडवलें, घरांवर गोळ्या झाडल्या. तरी मंडळी हटलीं नाहींत. टपालानें शेताचा माल विकून तगलीं. वाळींत टाकणें म्हणजे काय, पंगतीला बसण्यावरून डोकीं कशीं फुटतात, हें आमच्या वाचकाला कोणी शिकवायला नको.

याच शेतावर १९६८ सालीं गरीब काळ्या कुटुंबांसाठीं घरें बांधण्याचा बेत ठरला. मिलर्ड फुलर नांवाचा एक धनाढ्य वकील आपली संपत्ति सोडून बायकोसह तेथें येऊन मिळाला, आणि पुढें १९७६ सालीं त्या नवराबायकोनें हॅबिटाट ही घरबांधणीची संस्था काढली. त्यांचा नियम पाहा. घर फुकट द्यायचें नाहीं. नफा घ्यायचा नाहीं. व्याज घ्यायचें नाहीं. घर घेणाऱ्या कुटुंबानें स्वतः राबायचें, आणि त्यानें फेडलेल्या हप्त्यांतून पुढच्या कुटुंबाचें घर उभें राहायचें. यांत भीक नाहीं, सावकारी नाहीं. हें आपल्या इर्जिकीसारखें झालें. आज मी तुझ्या रानांत, उद्यां तूं माझ्या रानांत. या नियमापुढें माझी मान लवते.

याच संस्थेचा एक मोठा मेळा आपल्या महाराष्ट्रांतहि भरला होता. २००६ सालीं ऑक्टोबरच्या अखेरीस लोणावळ्याजवळ मळवलीस शंभर घरांच्या बांधणीसाठीं देशोदेशींचे स्वयंसेवक जमले. त्यांत अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर आणि त्यांच्या पत्नी रोझलिन होत्या. कार्टर तेव्हां ८२ वर्षांचे. मूळचे भुईमुगाचे शेतकरी, आणि सुतारकाम त्यांना खरोखर येत होतें. १९८४ पासून ते दरवर्षीं असे कामाला जात. राज्यपदावर बसलेला माणूस म्हातारपणीं हातोडा घेऊन उन्हांत उभा राहतो, हा देखावा आपल्या पुढाऱ्यांनीं डोळे फाडून पाहावा असा होता. आमचा सरपंच कुदळीला हात लावतो तो फोटोवाला ‘झालें’ म्हणेपर्यंत!

हें सर्व कबूल. तरीहि माझा एक प्रश्न उरतोच. त्या मेळ्यांतले माजी अध्यक्ष आपल्या लक्षांत राहिले, भेटीला आलेला सिनेमाचा नट लक्षांत राहिला. मावळांतल्या ज्या गवंड्यांनीं आपल्या हयातींत शेंकडों घरें उभीं केलीं असतील, त्यांतल्या एकाचें तरी नांव तुम्हांला सांगतां येईल काय? मला येत नाहीं. तेव्हां लाज पाहुण्याला वाटायची कीं मला?

कार्टर यांच्या घरचीच आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला मळवलीच्या मेळ्याहून थोर वाटते. त्यांच्या मातोश्री लिलियन बाई नर्स होत्या. १९६६ सालीं, वयाच्या ६८ व्या वर्षीं, त्या मुंबईजवळ विक्रोळीस आल्या आणि दोन वर्षांच्या आसपास येथें राहून रोग्यांची सेवा केली. महारोग्यांनाहि त्यांनीं हात लावला. फरक ध्यानांत घ्या. त्यांनीं येऊन वीट रचली नाहीं. जें काम त्यांना येत होतें तेंच केलें, आणि आठ दिवस नव्हे, चांगले दोन पावसाळे पाहिले.

दुसरें उदाहरण लॉरी बेकर यांचें. हे इंग्लंडांतले घरें बांधण्याचें शास्त्र शिकलेले गृहस्थ. १९४५ सालीं महारोग्यांची सेवा करणाऱ्या मिशनतर्फे हिंदुस्थानांत आले. हेहि मिशनच्याच कामावर आले होते, हें विसरूं नका. हिमालयांत पिठोरागडला डॉक्टर पत्नीसह राहत असतां त्यांना दिसून आलें कीं, विलायतेच्या कॉलेजांत शिकलेलें येथें निम्में-अधिक निकामी आहे. आणि पहाडांतला अक्षरशत्रु गवंडी दगड, माती, लांकूड, पाऊस आणि थंडी यांचें शास्त्र पिढ्यानपिढ्या कोळून प्यालेला आहे. मग साहेब काय करता झाला? तो त्या गवंड्याचा शिष्य झाला. पुढें केरळांत जाऊन त्यानें गरिबाला परवडतील अशीं घरें बांधलीं. विटा आडव्या न ठेवतां उभ्या ठेवून मध्यें पोकळी सोडायची, म्हणजे विटा कमी लागतात आणि घर थंड राहतें, ही रीत त्यानें गांवोगांव पोंचविली. येथलाच नागरिक झाला आणि २००७ सालीं तिरुवनंतपुरमला येथल्याच मातींत मिसळला. जो शिकवायला आला आणि शिकून राहिला, तो पाहुणा नव्हे, तो घरचा. अशा माणसाच्या हातीं आमचा म्हातारा मिस्त्री आपली थापी आनंदानें देईल.

म्हणजे सगळा प्रश्न थापी कोणाच्या हातीं आणि घमेलें कोणाच्या डोक्यावर, इतका सोपा आहे. पाहुणा आला तर त्यानें घमेलें उचलावें, वाळू चाळावी, पाणी मारावें, गवंडी ‘माल’ म्हणाला कीं माल द्यावा. बिगारी होण्यांत कमीपणा नाहीं; माझा बाप आधीं सात वर्षें बिगारी होता. ज्या पाहुण्याला बिगारी होण्यांत लाज वाटते आणि एकदम थापीच हातीं हवी असते, तो सेवेला आलेला नाहीं, तो मानाला आलेला आहे.

आणि आतां, बंधूंनो, थोडा आपल्याच कानाला पीळ. पाहुणा चुकला असेल, पण त्याला चुकूं दिलें कोणीं? म्हातारा मिस्त्री लिंबाखालीं उभा होता तेव्हां आपण सगळे कोठें होतों? आपण लेझीम घेऊन स्वागताला उभे होतों. गोरा चेहरा किंवा शहरी टोपी दिसली कीं आपली जीभ टाळ्याला चिकटते. परक्याची फुकट वीट आपल्याला गोड लागते, आणि घरच्या गवंड्याची एका दिवसाची मजुरी देतांना आपण बाजार मांडतों. मी मास्तर तेथें होतों. मला दोन शब्द बोलतां आले असते. मीं बॅटरी धरली, तोंड उघडलें नाहीं. हें पाप माझ्या खातीं लिहून ठेवा.

मग करावें काय? पाहुण्याला वेशीवरून परत लावावें? मुळींच नाहीं. दारीं आलेल्याला पाणी देणें ही आपली रीत आहे. पण ग्रामसभेनें त्याला पाण्याबरोबर तीन प्रश्नहि द्यावे. पहिला: तुमचा गवंडी कोण, आणि त्याची रोजी तुमच्या खर्चाच्या कागदांत लिहिली आहे काय? दुसरा: ज्या बाईचें घर आहे तिला चूल कोठें हवी, दार कोणीकडे हवें, गुरूं कोठें बांधायचें, हें विचारलें काय? तिसरा: तुमच्या एकंदर खर्चांत विटेचा वांटा किती आणि वाटेचा वांटा किती? या तिन्हींचीं उत्तरें जो सरळ देईल त्याला खांद्यावर घ्या. जो गडबडेल त्याला गांव दाखवा, जेवूं घाला आणि नमस्कार करून निरोप द्या.

हें खुळ्याचें बोलणें नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानें लातूर आणि धाराशिवकडील हजारों माणसें मातीच्या धाब्यांखालीं गाडलीं गेलीं. त्यानंतर कांहीं गांवें दात्यांनीं आणि सरकारनें नव्या जागीं वसवलीं. पण जेथें गांवें हलवलीं नाहींत तेथें मोठ्या प्रमाणावर घरमालकांनीं स्वतःच, मदत आणि माहिती घेऊन, आपलीं घरें दुरुस्त केलीं, बळकट केलीं. २०१६ सालीं ग्रामीण घरकुलाची पंतप्रधान आवास योजना सुरू झाली तेव्हां मैदानी मुलखांत एका घराला १ लाख २० हजार रुपये ठरले, आणि ते घरमालकाच्याच खात्यांत जमा व्हायचे ठरले, कीं त्यानें आपला गवंडी पाहून आपलें घर आपण बांधावें. म्हणजे खेडुताला घर बांधतां येतें, फक्त पैसा कमी पडतो, ही गोष्ट सरकारच्या कागदांतहि मान्य आहे. आतां अमेरिकेहून मुंबईला जाण्यायेण्याचें एका माणसाचें भाडें लाख रुपयांच्या आसपास जातें, तें या रकमेशेजारीं मांडून पाहा. एका पाहुण्याच्या प्रवासांत एक घरकुल उडतें! दहा पाहुणे आले कीं एक आळी उडाली.

म्हणून परदेशच्या आणि शहरच्या दयाळू मंडळींना हात जोडून सांगणें आहे कीं, तुमची दया आम्हांला नको असें नाहीं, पण ती आमच्या गवंड्याच्या पोटावरून चालत येऊं नये. द्यायचें असेल तर त्याची रोजी द्या. त्याच्या पोराला सिमेंट, लोखंड आणि भूकंप यांचें नवें ज्ञान द्या. यायचें असेल तर सवडीनें या, राहा, शिका. आणि माझ्या गांवकऱ्यांना सांगणें आहे कीं, यापुढें गांवांत कोणतेंहि घर पुरें झालें, मग तें पाहुण्यांनीं बांधलेलें असो, सरकारनें असो वा तुम्हीं, त्याच्या दाराजवळ एक लहानशी पाटी लावा. तिच्यावर देणगीदाराचें नांव खुशाल घाला. पण पहिलें नांव गवंड्याचें, दुसरें सुताराचें आणि तिसरें विटा भाजणाऱ्याचें असूं द्या.

आमच्या गांवची ती संगमरवरी पाटी अजून भिंतीवर आहे. गेल्या दिवाळींत मीं त्या बाईची परवानगी घेतली आणि पाटीखालीं गेरूनें एकोणिसावें नांव लिहिलें. म्हातारा आतां हयात नाहीं. पावसानें गेरू धुवून निघतो. दर दिवाळीला माझ्या वर्गांतलीं पोरें तें नांव पुन्हां लिहितात, आणि लिहून झालें कीं भिंतीला ओळंबा लावून पाहतात. भिंत अजून सरळ आहे.

— गवंड्याच्या पोटचा एक शाळामास्तर